सुप्याच्या पाण्यावर

टिळकवाडी, बेळगाव
१८ जानेवारी

प्रिय सुऱ्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मधेच "राफ्टिंग ना, मी केलंय कोलाडला" म्हणाला असतास आणि सांगायचं ते राहून गेलं असतं. म्हणून बसून लिहितोय.

गेल्या रविवारी आम्ही चौघं गणेशगुडीला काळी नदीवर राफ्टिंग करून आलो. पहाटे साडेपाचला दुसऱ्या रेल्वे गेटपाशी जमलो आणि खानापूर, लोंढा करत रामनगर गाठलं. तिथं चहाला थांबलो ते तुझ्या आजीच्या गल्लीच्या तोंडाशीच. घर आता दुसऱ्यांचं आहे, पण दार तेच आहे गा. धरणात गेलेल्या सुपा गावातलं घर सोडताना चौकटीसकट उचलून आणलेलं, कडीजवळ झिजून गुळगुळीत झालेलं. मी रस्ता ओलांडून हात लावून आलो.

गणेशगुडीत गेल्यावर जो तो एकच विचारतो, "आज पाणी सोडलंय काय?" वर सुप्याचं धरण, १०१ मीटर उंच. त्याच्या पायथ्याच्या वीजघरात ५० मेगावॅटचे दोन संच. ते चालले की काळी नदी भरून वाहते, थांबले की पात्रात खडक उघडे पडतात. तुमच्या कोलाडच्या कुंडलिकेचंही तसंच, भिऱ्याच्या वीजघरातून पाणी आलं तर राफ्ट सुटणार. आपल्या खानापूरच्या रानात उगवणारी म्हादई मात्र पावसावर चालते. तिच्यावर खाली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राफ्टिंग होतं ते पावसाळ्यातच.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, तिथं मला दिलेल्या लाईफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं आणि जागेवर सुतळी बांधलेली. तसाच परत फिरलो. यावेळी गाईडनं प्रत्येकाच्या जॅकेटचे खांद्याचे पट्टे दोन्ही हातांनी धरून वर ओढून बघितले. जॅकेट कानापर्यंत वर सरकलं की पट्टे पुन्हा आवळायचे. माझे त्यानं तीनदा आवळले. जोयड्याकडचा पोरगा, पंचविशीचा असेल. जोडीदारांशी कोकणी, ड्रायव्हरशी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि राफ्टमधले हुकूम तेवढे इंग्रजी: फॉरवर्ड, बॅक, होल्ड ऑन.

पाणी कसं बघायचं तेही त्यानं दाखवलं. दोन खडकांमधून धार निघते आणि तिचं निमुळतं टोक पुढं, प्रवाहाच्या दिशेनं जातं, ती वाट मोकळी. टोक आपल्याकडं तोंड करून असलं तर त्याखाली खडक दडलेला. पहिल्या दोन रॅपिडनंतर, म्हणजे खडकांमधल्या खळाळत्या उतारांनंतर, मलाही ते दिसायला लागलं. एवढी वर्षं आपण मलप्रभेच्या काठावर हिंडलो, पण पाण्यावरच्या या खुणा कधी बघितल्याच नव्हत्या.

तिसऱ्या रॅपिडला मी पडलो. पोटरीत गोळा आला म्हणून रबरी आडव्या नळीखाली अडकवलेला पाय क्षणभर मोकळा केला होता, तेवढ्यात राफ्टची माझी बाजू उसळली. पाण्याखाली कानात नुसती घरघर, आणि गार तर असं की छाती आवळली. वर आलो तेव्हा पहिली इच्छा झाली उभं राहायची. काठावर त्यानं हेच चारचारदा बजावलं होतं: कमरेएवढं पाणी असलं तरी वाहत्या धारेत उभं राहायचं नाही. पाय खडकाच्या फटीत अडकतो आणि मागून येणारं पाणी माणसाला पुढं वाकवून तोंड बुडवतं. उताणा झालो, पायाची बोटं पाण्यावर काढली, पाय प्रवाहाच्या दिशेनं ठेवले. एक खडक आला, त्याला तळपायानं ढकलून बाजूला झालो. मग राफ्ट जवळ आली, त्यानं खांद्याचे पट्टे पकडले आणि मागं झोकून देत मला आत घेतलं. तेच पट्टे, जे त्यानं तीनदा आवळले होते.

पुढं संथ पाणी लागलं. दोन्हीकडं रान, धनेशाचा आवाज येत होता. पॅडल मांडीवर घेऊन मी त्याला विचारलं, तुमचं गाव कुठलं? त्यानं पॅडल मागं, धरणाच्या दिशेनं केलं. "जुनं घर त्या पाण्याखाली. आजोबा सुप्याचे."

सुऱ्या, मला तुझी आजी आठवली. काळी आणि पांढरी जिथं मिळतात तिथं भांडी घासायला जायची, ते सांगताना तिचा हात आपोआप वाळू घेतल्यासारखा फिरायचा. दहा वर्षं ते ऐकूनही आपण कधी विचारलं नाही की सगळं उचलून आणताना तिथं काय राहिलं. ज्या पाण्यानं मला अंगावर घेतलं ते तिच्या गावावरून आलेलं होतं. त्या दिवसाचा आनंद यानं कमी झाला नाही, पण वजन वाढलं एवढं खरं. आणि मला मनापासून वाटतं, या पाण्यावर पोट भरायचा पहिला हक्क असल्याच पोरांचा आहे. यापुढं जाईन तर गाईड तिथलेच असतील तिथंच जाईन, शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील.

मार्चमध्ये ये. काकूंनाही आण. त्यांना राफ्टमध्ये बसवायचं नाही, काठावर सावलीत बसतील. तुझ्या चष्म्याला मागून दोरी लाव, चपला नकोत, नाडीचे बूट घाल. खायला कुंदा मी घेतो.

आणि येण्याआधी काकूंना एवढं विचार. तो पोरगा म्हणाला, सुप्यात त्यांचं घर देवळाच्या मागं, दारात फणसाची तीन झाडं. त्या घरची माणसं त्यांना आठवतात काय? मी त्याला विचारून कळवतो म्हणून सांगून आलोय.

तुझा,
दिल्या