अमेरिकेची मतपत्रिका बडोद्यात येते, परत जाताना अडकते

संपादक महोदय,

बडोद्यातल्या पुष्कळ मराठी घरांत आता दोन-दोन देशांचे पासपोर्ट एकाच कपाटात असतात. मुलगा एच-१बी व्हिसावर, सून अमेरिकन नागरिक, आजी ग्रीनकार्डधारक, नातवंडे तिकडे जन्मलेली आणि शिकायला इकडे आणलेली. निवडणूक जवळ आली की या सगळ्यांना एकच सल्ला मिळतो, ‘हल्ली सगळं ऑनलाइन होतं.’ तसे होत नाही. कोणाला कुठे मत आहे हे नागरिकत्वावर ठरते आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. (दोन्ही देशांचे साधे पासपोर्ट निळेच आहेत, तेव्हा रंगावर जाऊ नये.)

आधी बडोद्यात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांचे. परदेशी राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाला संघीय निवडणुकांत (म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि अमेरिकी संसदेच्या) टपालाने मत देण्याचा हक्क १९८६च्या कायद्याने दिला आहे. २००९च्या कायद्याने त्यात भर घातली. वेळेत अर्ज केलेल्या मतदाराला राज्याने मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी मतपत्रिका पाठवलीच पाहिजे आणि कोरी मतपत्रिका ई-मेलने किंवा संकेतस्थळावरून मिळण्याची सोयही ठेवली पाहिजे. यंदा मतदान ३ नोव्हेंबर २०२६ला आहे, म्हणजे मतपत्रिका १९ सप्टेंबरपर्यंत निघायला हवी. त्याआधी अर्ज पोचलेला असेल तरच हे ४५ दिवस तुमचे.

अर्जाचे नाव फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन. पोस्टकार्डाशी त्याचा आता नावापुरताच संबंध उरला आहे. मतदार नोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी ही दोन्ही कामे त्या एकाच कागदावर होतात. तो एफव्हीएपी डॉट जीओव्ही या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. आपले राज्य निवडून माहिती भरायची, कागद छापायचा आणि पेनाने सही करायची. यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाची गरज नाही. अर्ज वॉशिंग्टनला किंवा वकिलातीकडे जात नाही. तुम्ही शेवटचे राहत होतात त्या काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या), काही राज्यांत त्या गावाच्या, निवडणूक अधिकाऱ्याकडे तो पाठवायचा असतो. पत्ते त्याच संकेतस्थळावर आहेत. बरीच राज्ये सही केलेला अर्ज स्कॅन करून ई-मेलने स्वीकारतात, पण सगळी नव्हेत. अर्ज दर वर्षी नवा भरावा, तोही शक्यतो जानेवारीत. २०२४मध्ये भरला होता म्हणून २०२६ला मतपत्रिका येईल, असे धरून बसणारे नोव्हेंबरात हात चोळत बसतात.

अर्ज फसतो तो बारीक जागी. दुसऱ्या रकान्यात अमेरिकेतला, तुम्ही प्रत्यक्ष राहत होतात तो शेवटचा पत्ता हवा. घर विकले असले, भाड्याचे सोडून दिले असले, परत जायचा बेत नसला तरी तोच पत्ता लागतो. तिथे दांडिया बाजारचा पत्ता लिहिला तर अर्ज कुठल्याच मतदारसंघात बसत नाही. बडोद्याचा पत्ता तिसऱ्या रकान्यात, पिनकोड आणि शेवटच्या ओळीत ‘इंडिया’सह. जन्मतारीख अमेरिकी पद्धतीने, आधी महिना मग दिवस. ७ मार्चला जन्मलेल्याने सवयीने ०७०३ लिहिले की तिकडच्या नोंदीत तो ३ जुलैचा होतो आणि जुळणी चुकते. ओळखीसाठी सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे किंवा त्या राज्याच्या लायसन्सचा क्रमांक द्यावा.

नावाचा घोळ खास आपला. इकडच्या कागदांवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मधे येते, तिकडे ते कधी गळते, कधी एकाच अक्षरावर येते. तिकडच्या मतदार यादीत जसे असेल तसेच लिहावे आणि माहेरचे आडनाव बदलले असेल तर आधीच्या नावाचा रकाना रिकामा सोडू नये. सहीचेही तसेच. मतपत्रिकेसोबतच्या प्रतिज्ञापत्रावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहणारी राज्ये बरीच आहेत. अमेरिकेत इंग्रजीत सही केली असेल आणि बडोद्याच्या बँकेत देवनागरीत करण्याची सवय असेल, तर इथे इंग्रजीच करा.

पहिल्या रकान्यात परतण्याच्या इराद्याविषयी पर्याय असतात: परतणार, अनिश्चित, आणि अमेरिकेत कधीच राहिलो नाही. ‘अनिश्चित’ निवडणाऱ्याला काही राज्ये फक्त संघीय पदांची मतपत्रिका देतात. केवळ संघीय पदांसाठी मत दिल्याने राज्याचा आयकर मागे लागत नाही. राज्य आणि स्थानिक पदांसाठी मत देताना मात्र कर सल्लागाराला विचारलेले बरे. तिकडे जन्मून लहानपणीच बडोद्यात आलेल्या आणि आता १८ पूर्ण झालेल्या मुलांना ते शेवटचे राहत होते तोच पत्ता चालतो. कधीच न राहिलेल्यांना आई किंवा वडिलांच्या शेवटच्या पत्त्यावर नोंदणी करायची मुभा अनेक राज्ये देतात, काही देत नाहीत. पाचव्या रकान्यात मतपत्रिका कशी हवी ते विचारतात. तिथे ‘ई-मेल किंवा ऑनलाइन’ हाच पर्याय घ्यावा, कारण टपालाचा एक फेरा तिथेच वाचतो. १९ सप्टेंबरनंतर स्पॅमचा कप्पाही रोज पाहावा.

आता परतीचा प्रवास. कोरी मतपत्रिका ई-मेलने येते म्हणून भरलेलीही ई-मेलने जाते, असा समज पक्का बसलेला आहे आणि तोच महागात पडतो. भरलेली मतपत्रिका कशी परत घ्यायची हे प्रत्येक राज्य ठरवते. न्यूयॉर्क, पेनसिल्वेनिया ही राज्ये ती कागदावरच मागतात. कॅलिफोर्निया फॅक्स घेते. (बडोद्यात चालू फॅक्स मशीन शोधणे हे स्वतंत्र काम आहे.) न्यूजर्सी ई-मेल घेते, पण मूळ कागद टपालानेही मागते. विस्कॉन्सिनमध्ये साक्षीदाराची सही लागते. मतपत्रिका ए-फोरवर छापली तरी बिघडत नाही, कारण तिकडचे कर्मचारी सहसा ती यंत्राला चालणाऱ्या मतपत्रिकेवर उतरवून घेतात. मात्र मतपत्रिका आतल्या गुप्ततेच्या लिफाफ्यात आणि प्रतिज्ञापत्र त्याबाहेर, हा क्रम सोबतच्या सूचनेप्रमाणे नेमका पाळावा. छापायला दुकानात गेलात तर काम झाल्यावर त्या संगणकावरून फाइल पुसायला सांगा.

रावपुऱ्याच्या मुख्य टपाल कार्यालयातून आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट केले तर माग काढता येतो. साध्या टपालात तो निघत नाही. खिडकीवर शिक्का ठसठशीत उमटवून घ्यावा, कारण काही राज्ये मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का पाहून उशिरा आलेली मतपत्रिका घेतात. पण त्या सवलतीच्या भरवशावर राहू नये. मतदानाच्या दिवशी लिफाफा तिकडे पोचलेला असेल असाच हिशेब धरावा. टपालाचे काही सांगता येत नाही. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस अमेरिकेच्या नव्या सीमाशुल्क नियमांमुळे भारतीय टपाल खात्याला तिकडची सेवा थांबवावी लागली, ती ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा सुरू झाली. हेच निवडणुकीच्या वर्षात घडले असते तर टपालावर विसंबलेल्यांचे सगळे दिवस त्यातच गेले असते. खासगी कुरिअर लवकर पोचवते, पण पोस्ट बॉक्सच्या पत्त्यावर ते जात नाही, कार्यालयाचा रस्त्याचा पत्ता मागून घ्यावा लागतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत लिफाफा देता येतो. तिथून तो अमेरिकेपर्यंत फुकट जातो, मात्र त्यावर अमेरिकेचे टपाल तिकीट किंवा एफव्हीएपीच्या संकेतस्थळावरचा टपालखर्चमुक्त नमुना हवा. या मार्गाला काही आठवडे लागू शकतात, म्हणून ऑक्टोबर अर्धा सरल्यावर त्याचा उपयोग नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत मतपत्रिका आलीच नाही, तर फेडरल राइट-इन ॲब्सेंटी बॅलट हा राखीव मार्ग आहे. त्याच संकेतस्थळावरून तो छापून उमेदवाराचे किंवा पक्षाचे नाव हाताने लिहायचे आणि पाठवायचे. बहुतेक राज्यांत त्याआधी नोंदणी आणि अर्ज झालेला असावा लागतो. नंतर खरी मतपत्रिका आली तर तीही भरून पाठवावी, मोजली एकच जाते. मतपत्रिका पोचली की नाही हे राज्याच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते.

ग्रीनकार्डधारक आई-वडिलांनी यातले काहीही भरू नये. अमेरिकेत लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न सहज पुढे येतो आणि न वाचता खूण केली जाते. नागरिक नसताना संघीय निवडणुकीत मत देणे हा तिकडे गुन्हा आहे, आणि त्यापायी ग्रीनकार्ड जाऊन परत पाठवणीची वेळ येऊ शकते.

ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे त्यांच्यासाठी आपला मतदार नोंदणीचा नमुना ६-अ आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम २०-अ नुसार २०११पासून परदेशस्थ भारतीयाचे नाव पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात नोंदवता येते. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर तो भरून फोटो, पासपोर्टची फोटोची आणि पत्त्याची पाने, तसेच चालू व्हिसाचे पान जोडायचे. व्हिसाचे पान विसरले की अर्ज अडतो. परदेशात पासपोर्ट नूतनीकरण करताना पुष्कळ जण तिथला पत्ता छापून घेतात, त्यांचा तर मतदारसंघच ठरत नाही. यात मतदार ओळखपत्र मिळत नाही, जुने असेल तर परत करावे लागते, आणि टपाली मतदानाची सोय नाही. मूळ पासपोर्ट घेऊन बडोद्याच्या केंद्रावर स्वतःच यावे लागते. बदली मतदाराचे (म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याला मत देऊ देणारे) विधेयक २०१८मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि पुढच्या वर्षी व्यपगत झाले. आयोगाने २०२०मध्ये सुचवलेली इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिकाही प्रत्यक्षात आलेली नाही. विमानभाड्याचा हिशेब केला की २०२४च्या लोकसभेला नोंदलेल्या १,१९,३७४ परदेशस्थ मतदारांपैकी २,९५८च का आले, ते कळते.

जाता जाता एक. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तिथे राहत असताना तिथल्या निवडणुकीत मत देता येते. ते फुकट जाऊ देऊ नये.

आणि ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय (मूळच्या भारतीयांना मिळणारे) कार्ड काढले, त्यांचे नाव मांजलपूर किंवा अकोटाच्या यादीत अजून असेल तर तो हक्क संपलेला आहे. ओसीआयधारकाला भारतात मत नाही. नमुना ७ भरून नाव वगळून घ्यावे, घरातल्या, त्याच मतदारसंघातल्या मतदारालाही तो देता येतो.

एक वाचक,
बडोदे