लाल घोडीचा फोटो

गोलेगाँ, पोर्तुगाल
१२ मार्च

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

"वीस वर्षं घोड्यावर बसतोयस, आता शिकायला एवढ्या लांब कशाला?" असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा नीट सांगता आलं नाही.

इथं मला शिकवतोय तो मुळात घोडाच. एकोणीस वर्षांचा लुसितानो, म्हणजे इथल्याच पोर्तुगीज जातीचा. जन्मला काळा, आता दुधासारखा पांढरा. डोळ्यांवर म्हातारपणाचे खळगे. आडवं चालणं, चौखूर धावताना पाय बदलणं, जागच्या जागी दुडकी, ज्याला इथं पियाफ म्हणतात, सगळं त्याला येतं. पहिल्या दिवशी उस्तादांनी माझ्या रिकिबी काढल्या, लगाम काढून घेतला आणि लांब दोरीवर नुसतं गोल फिरवलं. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येही नवा शिकाऊ महिनोन्‌महिने असाच दोरीवर, जुन्या मुरलेल्या घोड्यांवर मांड पक्की करतो. मी श्वास सोडून कंबर सैल केली आणि हा थांबला! लगामाला कुणाचा हातही नव्हता.

तिसऱ्या दिवशी लगाम हाती आला. सरळ न्यायला गेलो तर हा उजवीकडे सरकायचा. पुन्हा आणलं, पुन्हा तेच. मी चिडलो. उस्ताद शांतपणे म्हणाले, "तू सांगतोयस तेच करतोय तो." मग त्यांनी माझ्या डाव्या कुशीवर बोट ठेवलं. तिथे मी खचून बसतो, त्यामुळे सगळं वजन उजव्या बैठकीवर जातं. आणि घोडा बिचारा वजनाखाली पाय टाकायला तिकडे वळतो. कंबर उचलली, तसा तो दोरीसारखा सरळ चालला.

कालच्या धड्यात त्याने पियाफ दिली. मागचे पुठ्ठे खाली गेले, पाठ माझ्याखाली फुगून वर आली, आणि आम्ही इंचभरही पुढे न जाता नाचत होतो. विनू, माझे डोळे भरून आले.

पण खरारा करताना मनात दुसरंच चाललं होतं. एनसीसीतली आपली ती लाल घोडी आठवते? सारखी उजवीकडे जायची. मी तिला अडेल म्हणायचो, छडी मारायचो. दोन वर्षं.

शिबिरातला माझा तिच्यावर बसलेला फोटो तुझ्याकडे आहे ना? तेवढा पाठव. माझा डावा खांदा बघायचाय.

तुझा,
श्री