घड्याळकाका, तुम्ही उठून जागा दिलीत त्याबद्दल

घड्याळकाका,

समोर नीट आभार मानता आले नाहीत. मला बोलवत नव्हतं, आणि तुम्ही तर लगेच पुढचं घड्याळ उघडायला घेतलं होतं. म्हणून हे जाहीर पत्र.

आत्याचं घड्याळ घेऊन आले तेव्हा 'टाकून द्या' हेच पुन्हा ऐकायची मनाची तयारी होती. तुमच्याआधी ज्यांना दाखवलं त्यांतल्या एकाने मागचं झाकणही न उघडता सांगितलं, "यात काही राम नाही, सेलचं मशीन बसवून देतो." दुसऱ्याचा उत्साह उलट्या टोकाचा. केस पॉलिश करू, डायल नवी रंगवू, काटे बदलू, ओळखूसुद्धा येणार नाही तुम्हाला! ओळखू येणार नसेल तर आत्याचं घड्याळ म्हणून मी काय घेऊन जाणार होते, देव जाणे. आणि बोलता बोलता या महाशयांनी काच काढून आकड्यांवरचा तपकिरी पडलेला रंग नखाने खरवडून पाहिला.

तुम्ही त्या रंगाला बोटही लावलं नाहीत. घड्याळ कोण घालणार, घरात लहान मुलं आहेत का, हे आधी विचारलंत. मग सांगितलंत की त्या काळच्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांत बऱ्याचदा खरंखुरं रेडियम, म्हणजे किरणोत्सारी धातू, असायचं. चमक गेली तरी रेडियम जात नाही, ते निम्मं व्हायलाच १,६०० वर्षं लागतात. पूड नाकातोंडात जाणं वाईट, म्हणून डायल आहे तशी ठेवायची, काच घट्ट बसवायची, घरी कुणी उघडायचं नाही आणि रात्री उशाशी ठेवायचं नाही. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

पण मला आठवत राहतं ते वेगळंच. झाकण उघडून तुम्ही आत पाहिलंत, जरा थांबलात, आणि स्टुलावरून उठलात. मला तिथे बसवलंत. भिंग डोळ्याला कसं धरायचं ते दाखवलंत, दिवा खाली वाकवलात. मागे माणसं ताटकळत होती, त्यांना "जरा दम धरा" म्हणालात. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाने कोरलेले बारीक आकडे होते. एक ६३ सालचा, एक ७१ चा, आणि एक कुणाची तरी नुसतीच खूण. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून आधीचे लिहून ठेवतात, म्हणालात. आत्या नर्स होती, काका. याच सेकंदकाट्यावर तिने किती जणांची नाडी मोजली असेल. ते घड्याळ ती वेळच्या वेळी उघडून साफ करून घेत होती, हे मला त्या दिवशी कळलं. मी बराच वेळ उठले नाही. तुम्हीही उठवलं नाहीत.

आणि एवढं झाल्यावर तुम्ही त्याचा फायदा घेतला नाहीत. मी तेव्हा कशालाही हो म्हणाले असते! तुम्ही सरळ सांगितलंत, विकायचं असेल तर खर्च करू नका, निघणार नाही. घालायचं असेल तर मशीन वाचवण्यासारखं आहे. गंज चावीच्या दांड्यापाशीच थांबलाय, बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलत वेळ राखणारं चाक, शाबूत आहे. त्याचे झोके १८० अंशांच्याही खाली पडताहेत, चावी पूर्ण दिल्यावर चांगल्या मशीनचे २७० च्या पुढे जातात, पण हे कमी पडणं वाळलेल्या तेलाने आणि थकलेल्या मेनस्प्रिंगने, म्हणजे चावी दिली की आवळते त्या मुख्य स्प्रिंगने. बॅलन्सखालचा नंबर वाचून सांगितलंत की हे मशीन बऱ्याच कंपन्या वापरायच्या, त्यामुळे सुटे भाग मिळतील. केसचा मुलामा उडालाय तो उडू दे, पॉलिशने कडा गोल होतील. काचेवरचे ओरखडे मात्र घासून जातील, कारण ती काच नसून प्लॅस्टिक आहे. "घरी जा, विचार करा, मग या."

गिऱ्हाइकाला घरी पाठवणारी माणसं किती उरलीत? डॉक्टर असो, मेकॅनिक असो, समोरच्याला काय हवंय हे विचारून मगच हत्यार उचलणारा माणूस भेटला की दोन दिवस बरे जातात. नुसत्या हुशारीने हे येत नाही. पॉलिशवाले महाशयही हुशार असतीलच की.

काढलेली जुनी स्प्रिंग तुम्ही पुडीत बांधून परत दिलीत. मी मागितली नव्हती. घड्याळ रोज अर्धा-पाऊण मिनिट मागे पडतं, तेवढं पडेल हे तुम्ही आधीच बजावलं होतं, आणि माझं काही अडत नाही. तीन-चार वर्षांनी सर्व्हिसिंगला आणा म्हणालात, तर आणणारच आहे. तोवर डोळे सांभाळा, आणि त्या कमी उजेडातल्या टेबलासाठी एक चांगला दिवा घ्याच.

तुमची,
आत्याची भाची