फाटकाबाहेरून चालणाऱ्या आशाताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

‘आशा’ हे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीच्या कामाचं नाव; तुमचं खरं नाव ठाऊक आहे, पण तुम्हाला न विचारता इथे लिहीत नाही. वाचलंत तर ओळखालच. दारात कडुनिंब असलेलं घर, आणि दिवसातून 40 वेळा बोटाला ऑक्सिमीटर लावणारे काका.

माझी कोरोनाची भीती फेब्रुवारीतली. 22 फेब्रुवारी 2021च्या रात्रीपासून आपली अमरावती बंद झाली, पुण्या-मुंबईचे नातेवाईक "तुमच्याकडे काय चाललंय हो?" म्हणून फोन करू लागले, आणि मी रोज संध्याकाळी जिल्ह्याचा आकडा वहीत उतरवू लागलो. जन्म बँकेत गेला, आकडा दिसला की हात लिहितोच. वहीतला आकडा चढला की रात्री घसा दुखायचा. उतरला की थांबायचा. एप्रिलमध्ये राज्यात दिवसाला 60 हजारांवर रुग्ण निघू लागले, तेव्हा त्यातले दोन आम्हीच होतो, मी आणि ही.

हिचा ताप दोन दिवसांत उतरला. मी मात्र फोन घेऊन बसलो. एक हेल्पलाइन नुसतं गाणं ऐकवत राहिली. एका दवाखान्याने तब्येत विचारण्याआधी अनामत किती भरता ते विचारलं. गल्लीचं तर बोलूच नये. 22 मार्च 2020ला थाळ्या वाजवण्यात आमची गल्ली सर्वांत पुढे होती, मीसुद्धा पितळी परात बडवली होती. त्याच गल्लीने तुम्हाला सांगितलं की, "बाई, गाडी तिकडे कोपऱ्यावर लावा." तुम्ही काही न बोलता कोपऱ्यावर लावलीत आणि उन्हात चालत आलात.

त्या सकाळी तुम्ही म्हणालात, सहा मिनिटं चालून दाखवा, आधी आणि नंतर ऑक्सिजन बघू. 94च्या खाली गेला किंवा तीनने उतरला तर दवाखाना. मी मोजलं, 96. पण पाऊल उचलेना. चालल्यावर खरं काय ते कळणार होतं, आणि मला ते कळून घ्यायचंच नव्हतं. साठीचा माणूस अंगणात खांबासारखा उभा. लाज वाटली, सांगतो.

तुम्ही घड्याळ पाहिलंत आणि म्हणालात, "काका, तुमी आतून चाला, मी भायेरून चालतो."

आणि खरंच चाललात! छातीइतकी भिंत मध्ये, मी तुळशीपासून फाटकापर्यंत, तुम्ही तापल्या रस्त्यावरून माझ्या पावलाला पाऊल लावून. मी वळलो की तुम्हीही वळायच्या. मला बोलू दिलं नाहीत, स्वतःच बोलत राहिलात. तेलाचा डबा केवढ्याला झाला, घरात फोन एक आणि ऑनलाइन शाळेत पोरं दोन, त्यात धाकटा कॅमेरा बंद करून झोपतो. मी हसलो. आठवड्यात पहिल्यांदा. नजर तुमची सारखी माझ्या पायांकडे होती, ते मला फार नंतर उमगलं.

95.

"झालं ना? आता ते मशीन दिवसातून चारदा. रात्री कपाटात. ते काय देव हाये का, सारखं दर्शन घ्याले?"

त्या रात्री झोपलो. पुढे गोळ्या घेतल्या, दिवस भरले, बरे झालो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लोक औषधांची नावं विचारतात. मी त्यांना भिंतीचं सांगतो, तर त्यांना वाटतं काका विषय बदलताहेत. तुमच्या यादीत आमच्यासारखी किती घरं असतील! प्रत्येक घरासोबत सहा मिनिटं चालायला कोणत्याही परिपत्रकाने सांगितलेलं नसणार. कोरोनाच्या कामाचे तुम्हाला तेव्हा महिन्याला हजार रुपये मिळायचे, हे मला नंतर कळलं. भागाकार केला, सवयच आहे. दिवसाचे 33 रुपये. फाटकातून दिलेलं पाणीसुद्धा तुम्ही घेतलं नव्हतं.

जूनमध्ये राज्यभरातल्या आशांनी संप केला. दीड हजारांची वाढ मिळाल्याचं वाचलं, तेव्हा वहीत तो आकडा लिहून ठेवला. कोरोनाच्या आकड्यांचं पान कधीच बंद केलंय.

संपाच्या दिवसांत तुमचा घोळका कलेक्टर ऑफिसकडे जाताना दिसला. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, पण तुम्हाला चालीवरून ओळखलं. हाक मारायचा धीर झाला नाही. रस्त्याच्या दुसऱ्या कडेने तुमच्या बरोबरीने चालत राहिलो. सहा मिनिटं तरी झाली असतील.

तुमचा,
कडुनिंबवाले काका