कोरिचेल्लाच्या पायऱ्यांवर भेटलेल्या मावशींना

प्रिय मावशी,

तिथे सगळे तुम्हाला सिन्योरा म्हणत होते, मीही तेच म्हणत होते, पण मनातल्या मनात पहिल्या तासापासून मावशीच म्हणत होते, तेव्हा इथेही तेच लिहिते. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या नातीला सांगितलंय, ती मोबाईलवर भाषांतर करून वाचून दाखवेल. जिथे गडबड होईल ते सोडून द्या, त्या दोन दिवसांत तरी आपल्याला कुठे एकमेकींची भाषा येत होती.

घरी येऊन तीन महिने होत आले. रोज लिहायचं म्हणते आणि दोन ओळी झाल्या की डोळे भरून येतात, मग ठेवून देते. काल आमचे गणपती गेले, घर एकदम रिकामं वाटतंय, आज लिहूनच टाकते.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं जूनमध्ये इटलीला गेलो. ग्रुप टूर नको, म्युझियमच्या रांगा नकोत, फक्त किनारा आणि बेटं बघायची असं ह्यांचं पहिल्यापासून होतं. ह्यांचं लहानपण मुरूडला गेलं, समुद्र दिसला की माणूस खुलतो. सोरेंटोहून अमाल्फीला जाणारी ती बस, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला थेट खाली पाणी, समोरून दुसरी बस आली की मी डोळे मिटून घ्यायचे आणि हे खिडकीला नाक लावून बसलेले. अमाल्फीच्या मोठ्या चर्चच्या ६२ पायऱ्या हे माझ्या आधी चढले. काप्रीला निळी गुहा बघायची राहिली कारण तिचं तोंड जेमतेम मीटरभर उंच, लाटा असल्या की होडी आत घालतच नाहीत, तरी हे नाराज नाहीत, खुर्चीच्या रोपवेने मोंते सोलारोला ५८९ मीटरवर जाऊन तासभर नुसते खाली बघत बसले. आणि सगळ्यात शेवटी नेपल्सहून रात्रीच्या बोटीने स्ट्रॉम्बोली असं ठरलेलं. ९२४ मीटरचा ज्वालामुखी समुद्रातून सरळ वर आलेला, अंधारात त्याच्या तोंडातून ठिणग्या उडतात त्या बोटीवरून दिसतात, पूर्वीचे खलाशी त्याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणायचे. दहा वर्षं हे त्या एका रात्रीबद्दल बोलत होते.

मधे एक दिवस मोकळा होता म्हणून प्रोचिदाला आलो. सकाळी येऊन संध्याकाळी परत, एवढंच ठरलेलं. काप्री आणि इस्कियापेक्षा लहान बेट, चारेक चौरस किलोमीटरचं, २०२२ साली इटलीची सांस्कृतिक राजधानी झालेलं. वरून कोरिचेल्ला, तिथलं कोळ्यांचं छोटं बंदर, दिसलं आणि आम्ही दोघं गप्पच झालो. पिवळी, गुलाबी, फिकट निळी घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी, खाली होड्या, धक्क्यावर वाळत टाकलेली जाळी. आणि त्या उतरत्या पायऱ्यांवरच ह्यांनी एकदम कमरेला हात लावला आणि खाली बसले.

आता माहितीये की किडनी स्टोन होता. उन्हाळा, दिवसभर चालणं, आणि प्रवासात बाथरूमची पंचाईत नको म्हणून पाणी कमी प्यायचं, त्याचा परिणाम. पण तेव्हा मला काय माहीत, तो घाम आणि तो पांढराफटक चेहरा बघून मला हार्टचंच वाटलं. आणि मावशी, लोक जात होते हो बाजूने. चांगले हसणारे, टोप्या घातलेले लोक. एकाने खुणेने मला सांगितलं की जरा सरकून बसा, फोटोत येताय. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आणि तुम्ही खालून वर येत होतात, हातात भाजीची पिशवी. तुम्ही काही विचारलं नाही. पिशवी तिथेच पायरीवर ठेवलीत, एक टोमॅटो घरंगळत खाली गेला तिकडे बघितलंही नाहीत, आणि ह्यांच्या कपाळाला हात लावलात. मग खाली जाळी दुरुस्त करत बसलेल्या दोघांना अशी हाक मारलीत की अख्खं कोरिचेल्ला खिडकीत आलं. त्या दोघांनी हातांची खुर्ची करून ह्यांना वरपर्यंत नेलं, वर तीनचाकी आपे उभी, आपल्याकडे बारामतीला बनते तीच कंपनी, त्यातून दवाखान्यात. पुढचं इंजेक्शन, सलाईन, तपासण्या हे सगळं मला धड आठवतही नाही. ह्यांना रात्रभर तिथेच ठेवणार एवढं कळलं.

आणि दुपारनंतर वारा सुटला. आधी हायड्रोफॉइल म्हणजे त्या वेगवान छोट्या बोटी बंद झाल्या, मग मोठी फेरीसुद्धा. मी धक्क्यावर गेले ते फक्त विचारायला, उद्या पेशंटला घेऊन जायला काही सोय होईल का. खिडकीतल्या माणसाने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, उद्या म्हणाला आणि काच ओढून घेतली. नेपल्समध्ये जिथे आमची खोली होती त्या घरमालकाला फोन केला की सामान दुपारपर्यंत राहू द्या, नवरा आजारी आहे, तर म्हणाला दहाला खोली रिकामी हवी, नाहीतर एका दिवसाचे पैसे. आणि ज्या एजंटकडून आम्ही सगळं बुकिंग केलं, जो निघेपर्यंत दिवसातून चार वेळा काकू काकू करत होता, त्याला मी सहा मेसेज टाकले. निळ्या टिका आल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी, की मॅडम मेडिकल आपल्या पॅकेजमध्ये येत नाही. अहो, मी पैसे मागितले होते का? मला फक्त कोणीतरी सांगायला हवं होतं की आता काय करायचं. मुलगा बंगलोरला, त्याला कळवलं तर तो काय करणार तिथून, म्हणून त्यालाही कळवलं नव्हतं. दवाखान्यात आल्यापासून मी कोणाशी मराठीत एक शब्द बोलले नव्हते, ह्यांच्याशीही नाही, ते औषधाच्या गुंगीत.

तुम्ही मला घरी घेऊन गेलात. राहायला जागा दिलीत, सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात आलात, डॉक्टरांशी माझ्या वतीने बोललात, पैशाचं नाव काढल्यावर रागावलात. ह्या सगळ्याचे आभार आहेतच, ते किती मानू. पण मला लिहायचंय ते त्या फोनबद्दल.

रात्रीचे नऊ वाजले असतील. तुमच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. तुम्ही लिंबं चिरत होतात, तुमच्याकडची ती मोठी लिंबं, पपनसासारखी जाड पांढरी साल असलेली, वरची पिवळी साल काढून पांढऱ्यासकट फोडी, त्यात पुदिना, लसूण, मिरची आणि तेल. माझ्यापुढे ताटली ठेवलीत. मी हात लावला नाही. तुम्ही नातीला काहीतरी विचारायला सांगितलं, तिने विचारलं, इंडियात कुठे? मी म्हणाले मुंबईजवळ. मग तुम्ही भिंतीवरचा फोटो दाखवलात, तुमच्या मुलाचा, पांढऱ्या युनिफॉर्ममधला. मला वाटलं मुलगा मुंबईला येऊन गेलाय असं सांगताय. तुम्ही फोन उचललात आणि लावलात. बराच वेळ बोललात, मधेमधे माझ्याकडे बघत. मला वाटलं घरातलं काहीतरी असेल. मग फोन तसाच माझ्या हातात दिलात, आणि पलीकडून आवाज आला,

"काकू, नमस्कार. मी गुहागरचा. जेवलात काय?"

मावशी, त्या क्षणी मला काय झालं ते मी कोणालाच नीट सांगू शकलेले नाही. तुमचा मुलगा ब्राझीलमध्ये सांतोस बंदराच्या बाहेर नांगर टाकलेल्या बोटीवर सेकंड ऑफिसर, नुकताच वॉच संपवून आलेला, आणि त्याच बोटीवर हा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, ज्याला आपल्याकडचे जुने लोक सारंग म्हणायचे. तुम्हाला आठवलं की मुलाने कधीतरी सांगितलं होतं, आमच्या बोटीवर मुंबईकडचा एक आहे. आणि तुम्ही त्याला शोधून बोलवायला लावलंत. माझ्यासाठी. का तर मला डॉक्टर नको होता, पैसे नको होते, खोलीही तुम्ही दिली होतीत, मला माझ्या भाषेत कोणीतरी जेवलात का विचारायला हवं होतं, आणि हे माझं मलाही माहीत नव्हतं ते तुम्हाला कळलं.

तो पोरगा म्हणाला, काकू स्टोनच आहे, माझ्या वडिलांना दोनदा झाला, दुखतं फार पण काही होत नाही. म्हणाला, आमचे सेकंड साहेब म्हणतायत की त्यांची आई आता तुम्हाला सोडणार नाही, तेव्हा निवांत रहा. मग मुरूडचं निघालं, त्याच्या आत्याचं गाव निघालं, आंबा यंदा कमी आला ते निघालं. मी रडत होते आणि आंब्याबद्दल बोलत होते.

आणि तुम्ही काय केलंत ते मी नंतर आठवलं. फोन माझ्या हातात आल्यावर तुम्ही नातीच्या खांद्याला हात लावून तिला उठवलंत आणि दोघी बाल्कनीत गेलात. दार अर्धं ओढून घेतलंत. बाहेर वाऱ्याने कपडे फडफडत होते ते एकेक काढून घडी घालत राहिलात, माझ्याकडे पाठ करून. माझं बोलणं संपेपर्यंत घरात आला नाहीत. समोर बसून धीर देणारे खूप असतात. पण बाईला मनसोक्त रडायला मिळावं म्हणून स्वतःच्या स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन उभं राहणं, हे मी दुसऱ्या कोणात बघितलेलं नाही.

परत आलात तेव्हा ताटली रिकामी होती. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त अजून वाढलंत.

मी विचार करते, तुम्हाला हे सुचलं कसं. तुमच्या बेटावर प्रत्येक दुसऱ्या घरातलं कोणीतरी बोटीवर असतं, तुमचा मुलगा, तुमचे मिस्टर होते, तुमचे वडील होते असं नात म्हणाली. आमच्या कोकणातही तेच. बोटीवर गेलेल्या माणसाच्या घरातल्या बायकांना माहीत असतं की लांबून आलेला एक आवाज किती दिवस पुरतो. माझ्या सासूबाई सांगायच्या, शेजारच्या घरी बोटीवरून पत्र आलं की ते अख्ख्या आळीत वाचलं जायचं. तुम्ही तशाच आळीतल्या आहात असं मला वाटतं, मधे समुद्र असला म्हणून काय झालं. चांगली माणसं म्हणजे फार शिकलेली किंवा पैसेवाली लागत नाहीत, ती नुसती बघतात, खरोखर बघतात समोरच्याकडे, तेवढंच तर हवं असतं.

स्ट्रॉम्बोलीची बोट चुकली, तिकिटं फुकट गेली. ह्यांना त्याचं एका दिवसापुरतंही वाईट वाटलं नाही. आता तब्येत छान आहे, खडा पडून गेला, रोज तीन लिटर पाणी मोजून पितात आणि त्यात लिंबू पिळतात आणि प्रत्येक वेळी म्हणतात, ह्या लिंबात मजा नाही.

आणि आता बातमी. तुमचा बोसन गणपतीला घरी आला होता. कॉन्ट्रॅक्ट संपलं त्याचं. तिसऱ्या दिवशी बायको आणि छोटीला घेऊन आमच्याकडे डोंबिवलीला आला, पावणेसहा फुटांचा उंच पोरगा, मी दार उघडलं आणि त्याने पहिलं काय विचारलं सांगू, जेवलात काय काकू? आम्ही तिघं हसलो आणि रडलो. एकवीस मोदक केले होते, नऊ त्याने खाल्ले. त्याच वेळी तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला होता पण तुम्ही चर्चला गेला होतात, म्हणून फोटो पाठवला, त्यात डावीकडचा तो.

त्याच्याकडून कळलं की तुमच्या मुलाची पुढची बोट इकडच्या लाईनवर असायची शक्यता आहे. न्हावाशेवाला लागली तर आधी दोन दिवस कळवायला सांगा. आतमध्ये जायला पास कसा काढायचा ते ह्यांनी विचारून ठेवलंय. नाहीच मिळाला तर गेटवर डबा घेऊन उभे राहू. त्याला तिखट किती चालतं तेवढं मात्र नातीकडून लिहून पाठवा.

तुमची,
डोंबिवलीची बहीण