तीन दरवाजाची रचना पर्यटकांना समजू द्या

महोदय,

जागतिक वारसा यादीत २०२५ मध्ये गेलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे, ही कोल्हापूरकरांसाठी मोठ्या अभिमानाची बाब आहे. मात्र केंद्रीय पुरातत्त्व खात्याने जपलेल्या या गडावरील ‘तीन दरवाजा’ नावाच्या प्रवेशद्वारापाशी येणारे बहुतेक पर्यटक कमानीखाली छायाचित्रे काढतात आणि ही वास्तू अशी का बांधली हे न समजताच परततात, याचे वाईट वाटते.

पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यास, उभारलेला हा दरवाजा म्हणजे नुसती कमान नव्हे. बाहेरचा दरवाजा ओलांडला की चहूबाजूंनी बंदिस्त चौक लागतो, त्याच्या कडेला पहारेकऱ्यांसाठी कमानदार ओवऱ्या आहेत आणि त्यापुढे आतला दरवाजा येतो. त्यामुळे पहिला दरवाजा फोडून आत शिरलेला शत्रू या चौकातच कोंडला जाई. बाहेरच्या दरवाजावरचे नाजूक कोरीवकाम, फारसी शिलालेख आणि गणेशपट्टीवरचा छोटा गणपती निरखून पाहिले, तर एकाच दगडी चौकटीत आदिलशाही आणि मराठेशाही दोन्ही भेटतात.

अशा दरवाजांचा दरारा किती होता, हे गडाच्या इतिहासातच दिसते. सिद्दी जौहरने १६६० मध्ये चार महिने वेढा घातला, पण गड लढून जिंकणे त्याला जमले नाही. आणि १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ मावळ्यांनिशी गड घेतला तो दरवाजावर चालून जाऊन नव्हे, तर रात्री कडा चढून. पूर्वेकडील ‘चार दरवाजा’ नावाचे प्रवेशद्वार मात्र १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी पाडले. म्हणून दुहेरी दरवाजाची ही रचना समजून घेण्यासाठी तीन दरवाजाचे मोल अधिकच वाढते.

पुरातत्त्व खात्याने येथे दरवाजाचा आराखडा, चौकाचा उपयोग आणि शिलालेखाचा मराठी अर्थ देणारा सविस्तर फलक लावावा, तसेच चार दरवाजाच्या जागीही तो कधी व का पाडला गेला हे ठळकपणे नोंदवावे, अशी आग्रहाची विनंती आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास होणाऱ्या शिक्षेची सूचना आवश्यकच आहे. तिच्या शेजारी ही माहितीही असावी.

– एक इतिहासप्रेमी वाचक, कोल्हापूर