सवलत वेळेत द्या, गुणांत नको

महोदय,

विद्यापीठातील खेळाडूंना अभ्यास आणि खेळ सांभाळायचा उपदेश करणारे थोडे नाहीत. वेळेचे नियोजन कर, पहाटे उठ, वगैरे. त्या मुलाचा वेळ मुळात त्याच्या हातात असतो का, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

विद्यापीठीय खेळांचा अमेरिकेएवढा पसारा कुठेच नाही. तिथे विद्यापीठीय खेळांचे नियम ठरवणाऱ्या ‘एनसीएए’ या संघटनेच्या नियमाने हंगामात खेळासाठी आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. ऐकायला रास्त वाटते. पण सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी हिशेबात ३ तासांचाच धरतात आणि प्रवास तर धरतच नाहीत! विमानतळावर गेलेली दुपार कागदावर मोकळीच.

मग बुडालेला अभ्यास कुठे भरून काढायचा? चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तो गुणपत्रिकेत भरून निघाला. १९९३ ते २०११ या काळात तिथे कधीच न भरणारे वर्ग कागदोपत्री चालले. एक निबंध दिला की चांगली श्रेणी, आणि ती बहुतेकदा प्राध्यापक नव्हे, विभागातील कार्यालयीन कर्मचारी देत असे. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी याचा लाभ घेतला, त्यात जवळपास निम्मे खेळाडू. पुढे २०१७ मध्ये एनसीएएने शिक्षा केली नाही. कारण काय, तर हे वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते. धन्य आहे!

दुसरे टोक म्हणजे, शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा संघच मोडीत काढला होता. तेही मला पटत नाही. खेळणाऱ्याला खेळू द्यावे.

सामन्यांच्या तारखा ठरवणाऱ्या बैठकीत परीक्षा विभागाचा माणूस बसवा आणि त्याला नकाराधिकार द्या. प्रवासाचे तास मोजा. परीक्षा खुशाल पुढे ढकला, पण प्रश्नपत्रिका सोपी करू नका. बुडालेले प्रात्यक्षिक पुन्हा करून घ्यायला शिक्षकाला जादा वेळ लागतो. त्याचा मोबदला क्रीडा विभागाच्या अंदाजपत्रकातून द्यावा. पदकाच्या सत्काराला पैसे निघतात, तसे यालाही निघतील. आणि खेळाच्या जोरावर प्रवेश दिलेल्या मुलाचा गुडघा दुसऱ्या वर्षी निकामी झाला, तरी पदवी हाती पडेपर्यंत त्याची शिष्यवृत्ती थांबवू नये, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यावे.

– एक निवृत्त प्राध्यापक